वाहिन्यांवरचे प्रश्न न्याय्य कसे काढावेत

सार्वजनिक प्रश्नमंजूषेत, मग ती गणेशोत्सव मंडळाची असो, वाचनालयाची असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची, दूरचित्रवाणीवर एक फेरी हमखास ठेवली जाते. टीव्ही घरातल्या सगळ्यांनीच पाहिलेला असतो, तेव्हा ही फेरी लहानथोरांना सारखीच सोपी जाईल, असा संयोजकांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात सर्वाधिक आक्षेप याच फेरीत येतात. वाहिनीचे नाव, तिचे बोधचिन्ह, तिची मालक कंपनी आणि तिच्यावरचे कार्यक्रम या गोष्टी प्रेक्षकाच्या मनात एकत्र नांदत असल्या, तरी त्या बदलतात आपापल्या वेळापत्रकाने. आणि प्रश्न काढणाऱ्याने त्यांतली एक गोष्ट विचारताना दुसरी गृहीत धरली, की बरोबर उत्तर देणारा स्पर्धक बाद होतो.

न्याय्य प्रश्नाची माझी कसोटी दुहेरी आहे. ज्याला विषय खरोखर ठाऊक आहे तो हरता कामा नये, आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याला प्रश्नाच्या किंवा पर्यायांच्या शब्दांवरूनच उत्तर सापडता कामा नये. काठिण्याचा यात काही संबंध नाही. अतिशय कठीण प्रश्न न्याय्य असू शकतो आणि अतिशय सोपा प्रश्न अन्यायकारक ठरू शकतो.

आधी चार गोष्टी सुट्या करा

प्रश्न लिहायला घेण्यापूर्वी एका कागदावर त्या वाहिनीची कुंडली मांडावी. प्रक्षेपण कधी सुरू झाले, कोणते नाव कोणत्या वर्षापर्यंत होते, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, आणि ज्या कार्यक्रमाविषयी विचारायचे आहे तो कोणत्या वर्षी तेथे दिसत होता, एवढ्या चार नोंदी पुरेशा असतात. मग आपला प्रश्न या चारपैकी नेमका कशाविषयी आहे, ते ठरवावे. बहुतेक फसलेले प्रश्न येथेच फसलेले असतात.

एक नमुना घेऊ. “झी मराठी ही वाहिनी कोणत्या वर्षी सुरू झाली?” असा प्रश्न आणि १९९२, १९९९, २००५, २००८ असे चार पर्याय. वरवर पाहता यात काही खोट दिसत नाही. परंतु ही वाहिनी ऑगस्ट १९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ या नावाने सुरू झाली आणि ‘झी मराठी’ हे नाव तिला २००५ मध्ये मिळाले. प्रक्षेपण मोजणाऱ्याच्या दृष्टीने १९९९ बरोबर, नाव मोजणाऱ्याच्या दृष्टीने २००५ बरोबर. म्हणजे चार पर्यायांत दोन उत्तरे बसली. यावर २००५ हा पर्याय काढून टाकावा, असे अनेकांना सुचते. त्याने आक्षेप टळतो, पण प्रश्न सुधारत नाही, कारण ज्याला नामांतराचे वर्ष अचूक ठाऊक आहे तो आपले उत्तर पर्यायांत न दिसल्याने गोंधळतो आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तो अंदाजाने पुढे जातो. खरी दुरुस्ती प्रश्नाच्या वाक्यातच करावी लागते: “१९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ या नावाने सुरू झालेल्या वाहिनीला ‘झी मराठी’ हे नाव कोणत्या वर्षी मिळाले?” वाक्य लांबले, हे खरे. लांब प्रश्नाची भीती बाळगू नये. वाचायला चार सेकंद अधिक लागतात, पण वादाची वीस मिनिटे वाचतात.

मालकीविषयी विचारताना सावधगिरी आणखी वाढवावी. ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये रामोजी राव यांच्या समूहाने सुरू केली, पुढे ती नेटवर्क१८ कडे गेली आणि २०१५ मध्ये तिचे ‘कलर्स मराठी’ झाले. यावरून “ई टीव्हीच्या वाहिन्या कोणत्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या?” असा सरसकट प्रश्न काढणे चुकीचे आहे. कन्नड, बांग्ला, गुजराती आणि ओडिया भाषांतल्या मनोरंजन वाहिन्या ‘कलर्स’ झाल्या. तेलुगू ‘ई टीव्ही’ मात्र रामोजी समूहाकडेच राहिली आणि त्याच नावाने चालू राहिली. हैदराबादेत राहणारा मराठी स्पर्धक ती वाहिनी घरी रोज पाहत असतो. त्याने “बदलले नाही” असे म्हटले, तर त्याला चूक कसे ठरवणार?

नाव बदलले म्हणजे वाहिनी विकली गेली, असे मानण्याचीही एक सवय असते. २००७ मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ २०१२ मध्ये ‘एबीपी माझा’ झाली, तेव्हा आनंदबाजार पत्रिका समूहाने ती स्टारकडून विकत घेतली, असे अनेक प्रश्नसंचांत गृहीत धरलेले आढळते. वास्तविक ही वाहिनी चालवणाऱ्या कंपनीत त्या समूहाचा वाटा आधीपासूनच ७४ टक्के होता आणि स्टारचा २६ टक्के. संपला तो ‘स्टार’ हे नाव वापरण्याचा करार. दुकानाची पाटी उतरली म्हणून गल्ल्यावरचा मालक बदलतोच असे नाही. अशा वेळी “२०१२ मध्ये ‘स्टार माझा’चे नाव काय झाले?” एवढेच विचारावे, “कोणी विकत घेतली?” या वाटेला जाऊ नये. ‘आयबीएन लोकमत’चे २०१७ मध्ये ‘न्यूज१८ लोकमत’ झाले, तेथेही नावापुरता प्रश्न सुरक्षित आहे.

काळ प्रश्नातच लिहा

“दूरदर्शन कधी सुरू झाले?” हा प्रश्न मी अनेक प्रश्नपत्रिकांत पाहिला आहे आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे दिलेले होते. आश्चर्य म्हणजे त्यांतले एकही उत्तर निखालस चूक नव्हते. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. दैनंदिन नियमित प्रक्षेपण १९६५ पासूनचे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ प्रेक्षकाच्या आठवणीतले दूरदर्शन हेच. आकाशवाणीपासून वेगळे होऊन स्वतंत्र विभाग म्हणून त्याचा कारभार १ एप्रिल १९७६ पासून सुरू झाला. रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले, तेही कधीकधी ‘सुरुवात’ म्हणून सांगितले जाते. “सुरू झाले” या क्रियापदावर विसंबून राहिलेला हा प्रश्न म्हणजे स्पर्धकाने प्रश्नकर्त्याच्या मनात डोकावण्याची परीक्षा होय. यातून पाच चांगले प्रश्न निघतात; फक्त प्रत्येकात घटना नाव घेऊन सांगावी लागते: प्रायोगिक प्रक्षेपण, नियमित प्रक्षेपण, मुंबई केंद्र, आकाशवाणीपासून विभक्ती, रंगीत प्रक्षेपण.

‘सध्या’, ‘आज’, ‘नुकतेच’, ‘आता’ हे शब्द प्रश्नपत्रिकेतून हद्दपार करावेत. प्रश्नसंच एकदाच वापरला जात नाही. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या शाखेकडे जातो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, कोणी तरी तो जसाच्या तसा उचलतो. ‘सध्या’ असे लिहिलेला प्रश्न ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी बरोबर असतो आणि नंतर कधी तरी गुपचूप चुकीचा होतो. मालकीच्या बाबतीत हे विशेष वेगाने घडते. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या परस्परांच्या प्रतिस्पर्धी समूहांच्या वाहिन्या आहेत, हे विधान वर्षानुवर्षे खरे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि ‘कलर्स’ वाहिन्या चालवणारी व्हायाकॉम१८ यांचे व्यवसाय एकत्र आले, आणि त्या दोन्ही वाहिन्या एकाच कंपनीच्या छत्राखाली गेल्या. याच्या उलट, झी आणि सोनी यांचे विलीनीकरण जाहीर झाले, त्याची वर्षभरापेक्षा अधिक काळ चर्चा झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते रद्द झाले. घोषणेची बातमी मोठी होती आणि रद्द होण्याची त्या मानाने लवकर विस्मरणात गेली, म्हणून हे विलीनीकरण झालेच होते, असे सांगणारे लोक आजही भेटतात. प्रश्न काढणारेही त्यांच्यात असतात.

कार्यक्रम वाहिनीला बांधलेला नसतो

‘कौन बनेगा करोडपती’ जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर सुरू झाले. २००७ चे पर्व शाहरुख खान यांनी सादर केले, आणि २०१० पासून हा कार्यक्रम सोनीवर आहे. तरुण स्पर्धकाला तो सोनीचाच वाटतो, चाळिशी ओलांडलेल्याला स्टारचा. दोघेही आपापल्या अनुभवाने प्रामाणिक आहेत. मराठी आवृत्तीत तर गुंता अधिक आहे. ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने ती २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आली. वाहिनी ‘कलर्स मराठी’ झाल्यावर एका पर्वात स्वप्नील जोशी होते. २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या नावाने ती सोनी मराठीवर गेली तेव्हा नागराज मंजुळे सूत्रसंचालक होते, आणि त्यानंतर पुन्हा सचिन खेडेकर आले. म्हणजे एकाच कार्यक्रमाला दोन शीर्षके, वाहिनीची तीन नावे आणि तीन सूत्रसंचालक. “मराठी करोडपतीचे सूत्रसंचालन कोणी केले?” असे विचारून पर्यायांत यांतली दोन नावे ठेवणारा संयोजक स्वतःच्या हाताने भांडण लावून घेतो. वर्ष, वाहिनी किंवा शीर्षक यांपैकी किमान एक खूण प्रश्नात हवीच.

मला विचाराल तर अशा कार्यक्रमावर सूत्रसंचालकापेक्षा क्रम विचारणे अधिक चांगले. तीन वाहिन्यांची नावे देऊन हा कार्यक्रम त्यांवर कोणत्या क्रमाने दिसला, असे विचारले की गुंताच प्रश्नाचा विषय बनतो आणि खऱ्या जाणकाराला त्याचे गुण मिळतात.

बोधचिन्ह, धून आणि घोषवाक्य

चित्रफेरी आणि ध्वनिफेरी लोकांना फार आवडते, आणि ती न्याय्य ठेवणे शब्दफेरीपेक्षा अवघड असते. बोधचिन्ह दाखवून वाहिनी ओळखायला सांगणार असाल, तर कोणत्या काळातले चिन्ह दाखवले आहे, याची नोंद स्वतःजवळ ठेवावी आणि त्या काळातले नाव व नंतरचे नाव, दोन्ही ग्राह्य धरावीत. अल्फा मराठीचे जुने चिन्ह पाहून कोणी ‘झी मराठी’ म्हटले, तर त्याला गुण नाकारण्याचे कारण नाही, नाकारायचेच असतील तर “या चिन्हाच्या काळी वाहिनीचे नाव काय होते?” असे विचारायला हवे होते.

तांत्रिक बाजूकडे बहुधा कोणी पाहत नाही. चिन्हातली अक्षरे झाकताना कडेला अर्धा काना उरतो आणि पहिल्या रांगेतल्या संघाला तो दिसतो, शेवटच्या रांगेतल्या संघाला दिसत नाही. लॅपटॉपवरून चित्र उघडताना पडद्याच्या वरच्या पट्टीवर फाइलचे नाव झळकते, आणि फाइलचे नाव बहुतेक वेळा उत्तरच असते. म्हणून चित्रांना ‘चित्र १’, ‘चित्र २’ अशीच नावे द्यावीत, सगळी चित्रे आधी एका सादरीकरणात बसवावीत आणि सभागृहातल्या सर्वांत मागच्या खुर्चीवर बसून ती एकदा पाहावीत. रंगावर आधारित प्रश्न शक्यतो टाळावेत. सभागृहातला प्रोजेक्टर लाल रंग नारिंगी करून दाखवतो, काही स्पर्धकांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही, आणि वाहिन्याही रंग बदलतात. डीडी न्यूजचे लाल चिन्ह एप्रिल २०२४ मध्ये नारिंगी झाले, तेव्हा त्या रंगाला कोणते नाव द्यावे यावरच राजकीय वाद झाला. प्रश्नमंजूषेला तो वाद आयात करण्याची गरज नाही.

दूरदर्शनच्या जुन्या पिढीला पाठ असलेल्या चिन्हावर आणि धुनेवर मात्र जरूर प्रश्न काढावा. ते चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशीष भट्टाचार्य यांनी केले, आणि धून पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी मिळून तयार केली. बहुतेक प्रश्नसंचांत फक्त पंडितजींचे नाव असते. पर्यायी प्रश्नात या दोघांची नावे एकमेकांसमोर ठेवली, तर शहनाईवादकाचे नाव ठाऊक असलेला, म्हणजे अधिक खोलात गेलेला स्पर्धकच तोट्यात जातो.

घोषवाक्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. वाहिन्या ती दर काही वर्षांनी बदलतात, एकाच वेळी दोन वापरतात, आणि पडताळण्यासाठी अधिकृत नोंद क्वचित मिळते. ‘उघडा डोळे, बघा नीट’ यासारखे घोषवाक्य, जे सर्वतोमुखी झाले आहे, तेवढेच विचारावे. उत्तरात ‘स्टार माझा’ आणि ‘एबीपी माझा’ ही दोन्ही नावे स्वीकारावीत.

पर्याय एका साच्यातले असावेत

पर्याय मांडण्यात किती जोखीम असते, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात औरंगजेबाचा समकालीन शासक कोण, असा प्रश्न होता. महाराणा प्रताप, राणा सांगा आणि महाराजा रणजित सिंह हे तीन पर्याय उपाधीसह होते, आणि चौथा पर्याय नुसताच ‘शिवाजी’. छत्रपतींचा एकेरी उल्लेख झाला म्हणून संतापाची लाट उसळली आणि सोनी वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तो संताप रास्त होता. प्रश्न काढणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर त्यात आणखी एक दोष होता, ज्याची चर्चा कोणी केली नाही: चारपैकी एकच पर्याय वेगळ्या साच्यात असेल, तर इतिहास न येणाराही त्याच्याकडे बोट दाखवतो. आदर आणि न्याय या दोन्हींसाठी उपाय एकच आहे. चारही नावे पूर्ण, चारही उपाधींसह, किंवा विषय तसा असेल तर चारही उपाधींविना.

वाहिन्यांच्या प्रश्नांत हाच दोष वेगळ्या रूपात येतो. तीन पर्यायांत ‘झी’, ‘झी युवा’, ‘झी टॉकीज’ आणि चौथा ‘सोनी मराठी’ असला, की चतुर स्पर्धक चौथ्यावर शंका घेतो. वर्षांचे पर्याय देताना बरोबर वर्ष नेहमी मधल्या दोन जागांत ठेवण्याची खोड जडते. ती घालवण्यासाठी पर्याय चढत्या क्रमाने लावावेत आणि बरोबर उत्तर कधी पहिले, कधी शेवटचे येईल असे पाहावे. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय तर वापरूच नये.

उत्तर मोडून पाहा

प्रश्न लिहून झाला, की त्याचे उत्तर चुकीचे ठरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. तो आपण स्वतः नव्हे, तर त्या विषयात रस असलेल्या दुसऱ्या व्यक्तीने केलेला बरा. ‘करोडपती’ ज्यावरून आले त्या ब्रिटनमधल्या मूळ ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’मध्ये १९९९ साली एक प्रश्न आला होता: टेनिसमधला एक सेट जिंकण्यासाठी खेळाडूला सैद्धांतिकदृष्ट्या कमीत कमी किती फटके मारावे लागतील? कार्यक्रमाने २४ हे उत्तर बरोबर धरले, म्हणजे सहा गेम आणि प्रत्येक गेमचे चार गुण. परंतु त्या सहांपैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची असते. त्याने प्रत्येक गुणाला दुहेरी चूक केली, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, तर आपल्या खेळाडूला त्या गेममध्ये एकदाही रॅकेट चालवावी लागत नाही. उरले स्वतःच्या सर्व्हिसचे तीन गेम आणि प्रत्येकी चार परतवता न येणाऱ्या सर्व्हिस, म्हणजे १२. टेनिस जाणणाऱ्या एका माणसाने प्रक्षेपणापूर्वी हा प्रश्न पाच मिनिटे पाहिला असता, तर तो वाचला असता. स्पर्धकाचे बक्षीस मात्र काढून घेतले गेले नाही, आणि ते योग्यच झाले, कारण चूक त्याची नव्हती.

वाहिन्यांच्या बाबतीत ‘पहिली’, ‘एकमेव’, ‘सर्वांत जुनी’ हे शब्द असलेले प्रश्न हमखास मोडतात. “पहिली मराठी वाहिनी कोणती?” याचे उत्तर मुंबई दूरदर्शन केंद्र असू शकते, कारण १९७२ पासून तेथे मराठी कार्यक्रम होते, दूरदर्शनची मराठीसाठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी, म्हणजे सह्याद्री, असू शकते, आणि खासगी वाहिन्याच मोजायच्या ठरवल्या तर उत्तर तिसरेच येते. विशेषणे जोडून प्रश्न बांधीव करता येतो, पण विशेषणे तीनच्या पुढे गेली, की तो प्रश्न सोडून द्यावा.

पडताळणीसाठी वाहिनीचे स्वतःचे प्रसिद्धिपत्रक, माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानाप्राप्त वाहिन्यांची यादी आणि त्या वर्षीचे वृत्तपत्र, यांतले दोन स्रोत जुळायला हवेत. एकमेकांची नक्कल करणारी दोन संकेतस्थळे म्हणजे एकच स्रोत. प्रसिद्धिपत्रकही जपून वाचावे. त्यातली तारीख अनेकदा घोषणेची असते, प्रक्षेपणाची नव्हे.

आयोजकाचे हितसंबंध

प्रश्नमंजूषा एखाद्या वाहिनीने किंवा पुरस्कर्त्याने भरवली असेल, तर न्यायाचा प्रश्न शब्दांपुरता राहत नाही. आपल्याच मालिकांवर प्रश्न विचारणारी वाहिनी आपल्या नियमित प्रेक्षकाला झुकते माप देते. ते उघडपणे जाहीर केले असेल तर त्यात वावगे काही नाही. ‘सामान्य ज्ञान’ म्हणून ते खपवले, तर मात्र ती फसवणूक आहे. बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा १९७२ पासून रेडिओवर आणि १९९२ पासून टीव्हीवर पुरस्कर्त्याचे नाव शीर्षकात मिरवत चालली, आणि तरीही तिचा दबदबा टिकला, कारण प्रश्न पेयावर नव्हते. अमेरिकेत १९५० च्या दशकात याच्या उलट झाले. लोकप्रिय स्पर्धक टिकावेत म्हणून काही कार्यक्रमांत उत्तरे आधीच पुरवली जात होती. ते उघडकीस आल्यावर १९६० मध्ये असा बनाव हा कायद्याने गुन्हा ठरवला गेला.

प्रेक्षकांकडून फोन किंवा एसएमएसचे पैसे घेतले जात असतील, तेथे प्रश्नाच्या न्याय्यतेवर पैशाची सावली पडते. ब्रिटनमध्ये आयटीव्ही प्ले या वाहिनीवर, बाईच्या पर्समध्ये काय काय सापडेल, या प्रश्नाच्या उत्तरांत माकडटोपी आणि भिंतीत स्क्रू बसवण्यासाठी वापरायचे रॉलप्लग होते. फोन मात्र जादा दराने आकारले जात होते. अशी उत्तरे कोणी ओळखू शकत नाही, आणि जितके लोक चुकतील तितके फोन वाढतात. ती वाहिनी २००७ मध्ये बंद झाली. आपल्याकडे त्याच वर्षी करोडपतीसोबत ‘हर सीट हॉट सीट’ ही प्रेक्षकांसाठीची स्पर्धा होती, तिच्यात चार पर्यायांच्या प्रश्नाचे उत्तर २ रुपये ४० पैसे दराच्या एसएमएसने पाठवायचे होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ती अनुचित व्यापारी प्रथा ठरवून एक कोटी रुपयांची भरपाई भरण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुराव्याअभावी तो रद्द केला. निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला, तरी संयोजकाने स्वतःला विचारायचा प्रश्न बदलत नाही: माझ्या प्रश्नाच्या कठीण किंवा सोप्या असण्याने कोणाच्या खिशात पैसे जातात?

मंडळाच्या पातळीवर हे सारे फार मोठे वाटेल. पण प्रश्न काढणाऱ्याचा पुतण्या एखाद्या संघात असणे, ही त्याचीच लहान आवृत्ती आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे ती फेरी दुसऱ्याने काढणे.

श्रोते कोण आहेत, हेही पाहावे. गोव्यात किंवा बेळगावात मराठी वाहिन्या पाहिल्या जातात, पण तेथल्या घरात दुसऱ्या भाषेच्या वाहिन्याही तितक्याच असतात. परदेशात वाढलेल्या मुलांना मालिका ठाऊक असते, ती कोणत्या वाहिनीवर लागते हे ठाऊक नसते, कारण ती त्यांनी अॅपवरच पाहिलेली असते. तेथे वाहिनीऐवजी मालिकेतल्या पात्रांवर किंवा शीर्षकगीतावर प्रश्न काढावेत.

फेरीच्या दिवशी

उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर मुख्य उत्तर, ग्राह्य धरायची इतर उत्तरे आणि स्पष्टपणे अग्राह्य उत्तरे, अशा तीन नोंदी लिहून ठेवाव्यात. “ई टीव्ही मराठी / कलर्स मराठी, दोन्ही चालतील; नुसते ‘कलर्स’ चालणार नाही” असे आधीच ठरलेले असेल, तर व्यासपीठावर विचार करत बसावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ओळखीच्या संघाला सैल आणि अनोळखी संघाला कडक असा निर्णय नकळतही दिला जात नाही. आक्षेप घेण्याची मुदत फेरीच्या अखेरीपर्यंत ठेवावी, प्रश्न चालू असताना नव्हे. आक्षेप आला तर गुणलेखकाने तो लिहून घ्यावा आणि निर्णय सूत्रसंचालकाने नव्हे, परीक्षकाने द्यावा.

प्रश्नच सदोष निघाला, तर तो सर्व संघांसाठी रद्द करून राखीव प्रश्न विचारावा, असे बहुतेक नियमावल्या सांगतात. एका संघाला उद्देशून विचारलेल्या प्रश्नात ते पुरेसे आहे. मात्र बझर फेरीत किंवा बाद फेरीत चुकीमुळे एखादा संघ आधीच बाहेर पडला असेल, तर रद्द करून भागत नाही. त्याला परत आणावे लागते. अमेरिकेच्या ‘मिलियनेअर’मध्ये १९९९ साली उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांपैकी (ग्रेट लेक्स) सुपिरियरनंतर क्षेत्रफळाने सर्वांत मोठे कोणते, या प्रश्नाला ह्युरॉन हे बरोबर उत्तर देणाऱ्या स्पर्धकाला चूक ठरवून घरी पाठवले गेले होते. चूक लक्षात आल्यावर त्याला पुन्हा बोलावण्यात आले. मंडळाच्या कार्यक्रमात त्यासाठी दहा मिनिटे आणि किमान चार राखीव प्रश्न हाताशी लागतात, आणि हे राखीव प्रश्न वाहिन्यांवरचे नसलेले बरे.